पहिले दोन, बाकी तिथेच

कार्यालयाच्या जिन्यात मी मध्येच थांबलो. मागून येणारा लेखापाल माझ्या पाठीवर आदळता आदळता वाचला, "काय हो, पायाला मुळं फुटली का?" म्हणाला आणि कठड्याला अंग घासत वर निघून गेला. मी फोनकडे बघत होतो. फोनवर पानभर मजकूर होता आणि तो मजकूर म्हणजे माझं म्हणणं होतं. शब्द मात्र माझे नव्हते. गेलं वर्षभर जी गोष्ट मी ओरडून, चिडून, पुराव्यांचे ढीग घालून, कधी कधी सरळ अंगावर जाऊन सांगत आलो होतो, ती कुणीतरी धुऊन, वाळवून, घडी घालून माझ्या हातात ठेवली होती. माझं म्हणणं इतकं चांगलं आहे हे मला ते वाचताना पहिल्यांदा कळलं. आणि लिहिणारी बाई माझ्या विरोधात होती. मजकुराच्या खाली एकच ओळ होती: हेच तुमचं म्हणणं आहे ना? नसेल तर कुठे चुकलं ते सांगा, मी पुन्हा लिहीन. मी कठडा धरला.

गोष्ट साधी आहे, आणि ती साधी आहे हे पटवण्यातच माझे अर्धे केस गेले. आम्ही जगभरची काही माणसं मिळून संगणकाची एक भाषा सांभाळतो. पगार नाही, सुट्टी नाही, भांडणं भरपूर. त्या भाषेत जिन्नसांचा एखादा गठ्ठा आला की समोर नावं मांडायची: पहिल्याला हे नाव, दुसऱ्याला ते. दोन आले, दोन नावं, काम झालं. तीन आले आणि नावं दोनच असली की प्रोग्राम तिथेच बसकण मारतो आणि बोंब ठोकतो, तीन आले, जागा दोनच. उरलेले नको असतील तर शेवटच्या नावाला एक चांदणी, म्हणजे * ही खूण, लावायची, म्हणजे जेवढं उरेल तेवढं त्या नावात ओतलं जातं. पण ज्याला शेवटच नाही अशा ठिकाणाहून घ्यायचं असेल तर? मी शहराच्या पाणीपुरवठ्यात काम करतो. टाक्यांवरची मापकं दिवसरात्र नोंदी पाठवत असतात, थांबत नाहीत. मापक जागं आहे की झोपलंय एवढंच बघायला मला पहिल्या दोन नोंदी पुरतात. चांदणी लावली तर प्रोग्राम बिचारा न संपणारा प्रवाह बादलीत भरत बसतो आणि बादली घेऊनच मरतो. म्हणून मी म्हणालो, पहिलं नाव लिहा, दुसरं लिहा, पुढे तीन टिंबं द्या. टिंबांचा अर्थ एवढाच, की बाकीचं आहे तिथे राहू दे, हात लावू नकोस. यात कुणाच्या बापाचं काय जातं?

पुष्कळांच्या बापाचं गेलं. ज्यांच्या नावामागे पदव्यांची शेपटं आहेत त्यांनी तर पहिल्याच आठवड्यात मला निकालात काढलं. यात मला नवल वाटलं नाही, कारण मी आयुष्यभर असाच निकालात निघत आलोय. माझं शिक्षण छायाप्रतीच्या दुकानात झालं. अभियांत्रिकीची पोरं पुस्तकं आणायची, मी यंत्रावर पालथी टाकायचो, आणि जी पानं तिरकी यायची, काळी पडायची, कोपरा दुमडून निघायची ती मालक टाकून द्यायचा. ती मी घरी न्यायचो. म्हणजे मी जे शिकलो ते बिघडलेल्या प्रतींवर. पान एकशेबारा आहे, एकशेतेरा नाही, एकशेचौदाचा वरचा भाग शाईत बुडालेला. मधलं मी डोक्याने भरायचो. अजूनही एखादी गोष्ट कशी कळली हे सांगता येत नाही, फक्त कळलेली असते, आणि म्हणून मला ओरडावं लागतं. मुलाखतींत दोन प्रश्न असायचे: शिक्षण कुठवर, कुठल्या संस्थेत. तिसरा प्रश्न मी कधी ऐकला नाही. सासऱ्यांनीसुद्धा पहिल्या भेटीत तेवढंच विचारलं, "बरं, बरं" म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला उठले. मी अर्धा कप हातात धरून त्यांची पाठ बघत राहिलो. सांगण्यासारखं इतकं होतं माझ्याकडे. बायको दातांची डॉक्टर आहे, चांगली आहे, माझ्यासाठी बापाशी भांडून आलेली आहे. पण मी बोलायला लागलो की तीही म्हणते, "थोडक्यात सांग." तिचा दोष नाही. दिवसभर लोकांची तोंडं उघडी बघून तिला घरी आणखी एक उघडं तोंड नको असतं.

आणि ही बाई. तिला आम्ही सगळे नकारबाई म्हणतो. भाषेच्या सात जणांच्या मंडळात ती सर्वांत जुनी, आणि नवीन काही आलं की बहुधा नाही म्हणणारी. दर वर्षी कुणीतरी पोरगेलासा हुशार माणूस काहीतरी चमकदार घेऊन येतो आणि तिच्या दारात डोकं फोडून जातो. मीही फोडलं. भर चर्चेत मी तिला लिहिलं होतं, तुम्हाला नवं पचत नाही, तुम्ही या भाषेच्या दारातलं कुलूप आहात. कुणीतरी म्हणालं, माफी मागा. तिने लिहिलं, माफी नको, कुलूप उपयोगी वस्तू आहे, पण तुमच्या त्या मापकांना शेवट नाही म्हणजे नक्की काय होतं ते मला समजावून सांगा. मी समजावलं, पाच पानं, रागारागाने. वाटलं, नेहमीसारखी दोन ओळी वाचून बंद करेल.

आमच्यात एक चाल आहे, आणि ती या बाईनेच पाडली असं म्हणतात. ज्याला विरोध करायचा आहे त्याने आधी समोरच्याचं म्हणणं लिहून दाखवायचं, आणि तेही समोरच्याने लिहिलंय त्याहून चांगलं. समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत विरोधाचं अवाक्षर काढायचं नाही. शेवटी निकाल काही लागो, दोन्ही बाजू कायमच्या जपून ठेवतात आणि जी बाजू ज्याने सर्वांत चांगली मांडली त्याचं नाव तिच्याखाली जातं. बहुतेक लोक ही चाल उरकतात. समोरच्याचं म्हणणं लिहितात खरं, पण त्यात एखादी पाचर अशी मारून ठेवतात की पुढे तीच उपटता यावी. नकारबाईच्या पानात मी पाचर शोधत होतो. जिन्यात उभ्याने शोधली, खुर्चीत बसून शोधली, चहा गार करून शोधली. नव्हती. उलट वरची पहिली ओळ वाचून माझे कान तापले. "न मागितलेलं घेणं हीसुद्धा उचलेगिरीच आहे, जे हवं तेवढं घेऊन बाकीच्याला हात न लावण्याची सोय भाषेत असायला हवी." ही ओळ माझी होती. एका भांडणाच्या मजकुरात, अगदी तळाशी, तीन-चार जणांना टोमणे मारून झाल्यावर मी ती फेकली होती आणि विसरलो होतो. तिथपर्यंत कुणी जात नाही. मीसुद्धा परत गेलो नव्हतो. ती गेली होती. माझा सगळा चिखल तुडवत तळापर्यंत गेली, ही एक ओळ उचलली, पुसली आणि माझ्याच डोक्यावर तुरा लावावा तशी खोवली. मग मला नाही म्हणायला उभी राहिली.

दाढीवाल्याचा फोन आला तेव्हा मी ते चौथ्यांदा वाचत होतो. दाढीवाला मंडळातला सर्वांत तरुण, माझ्या बाजूचा, उत्साहाने उकळणारा. "वाचलंत ना?" तो म्हणाला.

"वाचलं."

"आता एक काम करा. काहीच करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे उत्तर देऊ नका. आज सहाला मतं पडतील आणि या आवृत्तीचं दार बंद होईल. आपल्या बाजूने चार जण आहेत, सातातले चार. तुम्ही 'हो, हेच' म्हणाला नाहीत तर बाईंना आक्षेप मांडताच येत नाही. सहा वाजतील, टिंबं भाषेत जातील, तुमचं नाव लागेल. उद्या सांगा, ताप होता."

"मला ताप नाही."

"अहो, येईल. मी आणतो हवा तर." तो हसला. "नियमात बसतंय सगळं. आणि बाईंकडे आहे तरी काय? नुसती भीती. लोक नको तिथे टिंबं टाकतील, ही भीती. भीती हा पुरावा आहे का?"

तेच तर. तिने मला महिन्यांपूर्वी विचारलं होतं, जिथे गरज नाही तिथे लोक टिंबं टाकणार नाहीत कशावरून? मी उत्तर दिलं होतं, लोक मूर्ख नसतात. तिच्याकडे त्याच्यावर दाखवायला एकही उदाहरण नव्हतं. माझ्याकडे होतं. ते माझ्याकडे गेल्या आठवड्यात आलं, आणि मी ते आवंढ्यासारखं गिळून बसलो होतो.

त्या दुपारी पंपावरच्या माणसाने फोन केला. "साहेब, तुमचा प्रोग्राम रुसून बसलाय. घंटा बडवतोय नुसती." मी विचारलं, पडद्यावर काय लिहिलंय. तो म्हणाला, "तीन आले, जागा दोनच. काय हो, पाहुणे आलेत का?" मी शिवी हासडली, भाषेला, आणि नकारबाईलाही. त्याला म्हणालो, पंप हाताने चालू कर आणि टेकडीवरच्या टाकीवर कुणाला तरी पाठव. टाकी जवळजवळ रिकामी निघाली. तळाला पायाचा अंगठा बुडेल एवढं पाणी. ठेकेदाराने सकाळी मापक बदललं होतं आणि कळवलं नव्हतं. जुनं मापक दोन आकडे द्यायचं, टाकी किती टक्के भरली ती पातळी आणि वेळ. नवं तीन देत होतं: आधी स्वतःच्या बॅटरीत किती टक्के दम आहे तो, मग पातळी, मग वेळ. बॅटरी नवी होती. पहिला आकडा शहाण्णव. खुर्चीत बसल्या जागी माझ्या मानेवर घाम आला तो आठवला की अजूनही येतो. कारण माझ्या स्वतःच्या यंत्रावर, टिंबं चालतील अशा प्रयोगाच्या प्रतीत, मी ती टाकून ठेवलेली होती. प्रवाहाच्या ठिकाणी तर होतीच, तिथे त्यांची गरज होती. पण प्रत्येक नोंदीतले दोन आकडे घेण्याच्या ठिकाणीही होती. तिथे काही गरज नव्हती. का टाकली? बोटांना सवय लागली म्हणून. छान दिसतात म्हणून. ती प्रत चालू असती तर प्रोग्रामने पहिले दोन घेतले असते, बाकी तिथेच ठेवलं असतं, आणि बॅटरीच्या शहाण्णवला पाण्याची पातळी समजून पंप बंदच ठेवला असता. टाकी भरलेली आहे, सगळं छान आहे. प्रोग्राम खूश, मी खूश, आणि टेकडीवरच्या बाळंतिणींच्या दवाखान्यात नळाला नुसती हवा. ज्या बोंबेचा मला वर्षभर राग होता त्या बोंबेने टाकी वाचवली होती.

ही गोष्ट पंपवाला आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हती. पंपवाल्याला ती पाहुण्यांची गोष्ट वाटत होती.

दुपारभर मी काम केल्याचं सोंग केलं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीवर एक माणूस दोराला लटकून काचा पुसत होता, पुसलेल्या काचेत ढग दिसायचे आणि न पुसलेल्या काचेत काहीच नाही. मला स्वतःची कीव करायची होती आणि जमत नव्हती. म्हटलं, काय बिघडलं? आयुष्यात एकदा माझं नाव कुठेतरी लागेल. त्या सगळ्या शेपटवाल्यांच्या भाषेत एका बिघडलेल्या प्रतीवर शिकलेल्या माणसाची तीन टिंबं कायमची बसतील. टाकीचं काय, टाकी मी सांभाळतो, मी तिथली टिंबं काढीन. पण जगात टाक्या किती? आणि प्रत्येक टाकीखाली बसलेला माणूस, बोटांना सवय लागलेला, माझ्यासारखाच. मूर्ख नसलेला. बायकोचा फोन आला. "काय म्हणतेय तुझी नकारबाई? आज निकाल ना? थोडक्यात सांग, पेशंट खुर्चीत आहे, तोंड उघडं ठेवून." मी म्हणालो, "तिने माझं सगळं वाचलंय." बायको म्हणाली, "सगळं? बिचारी," आणि मागे कुणीतरी उघड्या तोंडाने हसल्याचा घुरघुर आवाज आला.

सगळं. तोच शब्द डोक्यात घोंगावत राहिला. नकारबाईचा आवाज मी एकदाच ऐकलाय, मंडळाच्या एका खुल्या बैठकीत. खोकत बोलत होती. कुणीतरी तिला मध्येच तोडलं तर ती थांबली, त्याचं पूर्ण होऊ दिलं, आणि मग विचारलं, तुमचं झालं की अजून आहे? त्यात टोमणा नव्हता. मी टोमण्यातला माणूस आहे, टोमणा मला सात भिंतींपलीकडून ऐकू येतो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, अजून काही आहे का. मला जन्मभर कुणी हे विचारलेलं नाही, आणि असं विचारणारी एकुलती एक बाई मला नाही म्हणणार होती. मला राग यायला हवा होता. मी तो शोधला, नेहमीच्या जागी हात घातला, तर तिथे दुसरंच काहीतरी लागलं. असं काम आपल्याला करता आलं पाहिजे, असं वाटलं. इतक्या स्वच्छ हाताने. सहा वाजेपर्यंत गप्प बसून जिंकणं म्हणजे तिचे पहिले दोन शब्द ऐकून घड्याळाला किल्ली द्यायला उठणं. सासऱ्यांची पाठ मला दिसली, आणि त्या सदऱ्यात मी होतो.

मी लिहिलं: हो, हेच. माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. मग कळफलकावरचा हात काढला आणि पुन्हा ठेवला. खाली लिहायला लागलो. टेकडी, टाकी, ठेकेदार, शहाण्णव. माझ्या प्रतीतली नको तिथली टिंबं, ती कशी पडली, कुठल्या ओळीत, आणि बोंब झाली नसती तर संध्याकाळपर्यंत काय काय कोरडं पडलं असतं. तुमच्याकडे भीती आहे, पुरावा नाही, असं म्हणतात. हा घ्या पुरावा. एकही टोमणा न मारता मी पहिल्यांदाच काही लिहीत होतो, आणि मधलं पान कुठे गहाळ नव्हतं. एकशेतेरा होतं, एकशेचौदाही होतं.

उत्तर लगेच आलं नाही. काचा पुसणारा खाली उतरून गेला होता. मग आलं: "मी माझा आक्षेप तीनदा लिहून ठेवला होता. तिन्ही काढून टाकते. माझी बाजू तुम्ही लिहिली आहे, तीच राहू द्या. फक्त एक विचारते, प्रवाहाच्या ठिकाणची तुमची अडचण तशीच उरते. तिचं काय करायचं?" मी लिहिलं, दोन साध्या ओळी जास्त लिहीन, मरत नाही. तिने लिहिलं, "मरू नका. त्यावर पुढच्या वर्षी भांडू."

सहाला मतं पडली. चारातले तिघे फिरले. दाढीवाल्याने एकट्याने हात वर ठेवला आणि मला फोन करून म्हणाला, "अहो, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा? ताप आणला असता की मी." मी म्हणालो, "आला होता. उतरला." तो म्हणाला, "बाई रडल्या असतील हो वाचून." मी म्हणालो, त्या खोकल्या असतील.

घरी आलो तेव्हा बायको ओट्यापाशी उभ्यानेच जेवत होती, बूटही काढले नव्हते. तिच्यापुढे मी फोन धरला. जपून ठेवायचं पान तयार झालं होतं. वर टिंबांची बाजू, तिच्याखाली नकारबाईचं नाव. खाली टिंबांच्या विरोधातली बाजू, तिच्याखाली माझं. माझं नाव, पूर्ण, मागे शेपूट नाही. तिने घास हातात तसाच ठेवून वाचलं. बोटाने वर सरकवत गेली, परत खाली आली, दाताच्या फोटोकडे बघतात तसे डोळे बारीक करून.

"हे उलटं छापलंय," ती म्हणाली. "तू टिंबांच्या बाजूचा ना?"

"होतो."

"मग तू हरलास की जिंकलास?"

"थोडक्यात सांगू?"

तिने बूट पायानेच काढून भिंतीकडे ढकलले, ताट उचललं आणि टेबलाशी येऊन बसली. समोरची खुर्ची पायाने मागे सारली.

"नको," ती म्हणाली. "बस. ती टाकी कुठली, तिथपासून सांग."